ज्याचे सुतक नाही, त्याची तसबीर

माणूस गेला की वर्षश्राद्धाच्या आत त्याची तसबीर भिंतीवर यावी, ही कोकणातील घरांची जुनी रीत. मालवणपासून सावंतवाडीपर्यंत कोणत्याही जुन्या चिरेबंदी घराच्या माजघरात पाऊल टाकले, तर आजोबा-पणजोबांच्या तसबिरींची रांग दिसते. त्यांतील बऱ्याच तसबिरी पूर्णपणे खऱ्या नसतात. हयातीत एकुलते एक छायाचित्र निघालेले, तेही कोणाच्या तरी लग्नातील घोळक्यात. त्यावरून कलाकाराने चेहरा मोठा केलेला, डोळे थोडे उघडलेले आणि अंगावर कधी न घातलेला कोट चढवलेला. तरीही घरची मंडळी दर सणाला त्या तसबिरीला हार घालतात, कारण त्या माणसाला पाहिलेल्या कोणीतरी ‘होय, हेच ते’ असा निर्वाळा एकदा दिलेला असतो.

या रांगेत आता कुत्रा येऊन बसू लागला आहे. घरातील कुत्रा वारल्यावर त्याच्या छायाचित्रांवरून तैलचित्र किंवा जलरंगातील चित्र करून घेण्याची प्रथा शहरांतील सुखवस्तू घरांत रुळली आहे आणि मुंबईत राहून गावचे घर उघडे ठेवणाऱ्या चाकरमान्यांबरोबर ती किनाऱ्यावरही पोचणे स्वाभाविक आहे. यावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. ‘पैसा झाला की असली थेरे सुचतात’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. काहींनी उच्चारलेही असेल. प्रस्तुत लेखकाला मात्र ही थेरे वाटत नाहीत, आणि मार्च २०२५ पासून रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या स्मारकावरून जो वाद नव्याने पेटला, त्यानंतर तर हा विषय गांभीर्याने घ्यावा असेच वाटते.

आधी घरातल्या कुत्र्याविषयी. आपल्या परंपरेने मृत्यूनंतरच्या दुःखाला एक शिस्त लावून दिली आहे. सुतक असते, दहावा असतो, तेरावा असतो, भेटायला येणारे पाहुणे असतात आणि त्यांच्यासमोर तेच तेच पुन्हा सांगून मन हलके करण्याची सोय असते. कुत्र्याचे सुतक नसते. बारा-चौदा वर्षे पायात घोटाळणारा जीव सकाळी जातो आणि दुपारी कामावर हजर व्हावे लागते. रजेच्या अर्जात खरे कारण लिहिण्याची लाज वाटते. गावी असल्यास माडाच्या मुळाशी किंवा कुंपणालगत खड्डा खणून त्याला पुरतात, वर चार चिरे ठेवतात, आणि तेवढ्यावर तो विषय संपल्याचे घरातील वडीलधारे गृहीत धरतात.

यातली विसंगती अशी, की श्राद्धकर्मात कुत्र्याला मानाचे पान आहे. पितृपक्षात गाय, कुत्रा, कावळा यांच्यासाठी घास काढल्याखेरीज कर्म पुरे होत नाही. त्या घासाला श्वानबली असे स्वतंत्र नावही आहे. म्हणजे आपल्या गेलेल्या माणसांच्या वाटचे अन्न जो दारात उभा राहून खातो, तो स्वतः गेल्यावर त्याच्यासाठी मात्र एकही विधी नाही. चित्र करून घेण्याची इच्छा या रिकाम्या जागेतून येते. चित्रकाराला फोन करणे, छायाचित्रे शोधणे, ‘कान असा पडायचा’ हे कोणाला तरी समजावून सांगणे, चित्र घरी येण्याची वाट पाहणे, यात नकळत तेरा दिवसांहून अधिक काळ जातो, आणि त्या काळात त्या कुत्र्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची मुभा मिळते. चित्रकार हा त्या अवधीपुरता भेटायला आलेला पाहुणाच असतो, असे म्हटले तर ते चूक ठरू नये.

कोकणातील भिंतीवर कुत्रा याआधी नव्हता असेही नाही. दत्ताच्या पायांशी चार कुत्रे असतातच. कुडाळ तालुक्यातील माणगाव हे वासुदेवानंद सरस्वती तथा टेंब्येस्वामींचे जन्मगाव. १८५४ साली ते तेथे जन्मले आणि त्यांनी स्थापन केलेल्या दत्तमंदिरामुळे या पंचक्रोशीत दत्तभक्ती घरोघर पोचली. दत्ताची छापील तसबीर नाही असे घर या भागात विरळाच. पण ते चार कुत्रे म्हणजे चार वेद, असे आपल्याला लहानपणीच सांगितलेले असते. त्यांच्यापैकी एकाचे नाव कोणाला ठाऊक नसते, कोणता कोणाहून वेगळा हे चित्रकारालाही दाखवावे लागत नाही. वेदाचे चित्र काढणे, एका अर्थाने, सोपे आहे. ‘आमचा टिप्या’ काढणे अवघड.

अवघड का, हे तपशिलात पाहण्यासारखे आहे. गेलेल्या कुत्र्याचे चित्र छायाचित्रांवरूनच करावे लागते आणि ती छायाचित्रे बहुधा मोबाइलवर, उभ्याने, वरून काढलेली असतात. मोबाइलची भिंग जवळून वापरली की नाक अवास्तव मोठे व कपाळ लहान दिसते. शेपटीकडचा भाग तर जवळपास नाहीसाच होतो. रात्री फ्लॅशवर काढलेल्या चित्रात डोळे हिरवे-पिवळे चकाकतात. घरच्यांना हे खटकत नाही, कारण ते छायाचित्र पाहताना आठवणीतला कुत्रा पाहत असतात. चित्रकाराजवळ आठवण नसते. तो समोरचे नाक जसेच्या तसे उतरवतो आणि चित्र पाहून घरची बाई म्हणते, ‘छान आहे, पण हा तो नाही.’ जाणता चित्रकार म्हणून पाच-सहा वेगवेगळी छायाचित्रे मागतो, शक्य तर एखादी चित्रफीत मागतो, आणि कुत्रा बसायचा कसा, दार वाजले की मान कोणीकडे वळवायचा, असे प्रश्न विचारतो.

काळा कुत्रा ही तर परीक्षाच. काळा रंग घेऊन काळे केस रंगवले, की भिंतीला भोक पडल्यासारखा आकार उमटतो. त्यासाठी गडद निळा आणि तपकिरी यांच्या मिश्रणाने काळेपणा उभा करावा लागतो, पाठीवरून घसरणाऱ्या उजेडात आकाशाची निळी छटा ठेवावी लागते, आणि वय झालेल्या कुत्र्याच्या तोंडाभोवतीचे पांढरे केस मोजूनमापून द्यावे लागतात. हे पांढरे केस काढायचे की गाळायचे, यावर घराघरांत मतभेद होतात. मुलांना पिल्लू हवे असते, आईला शेवटच्या वर्षातला, कारण शेवटचे वर्ष तिने औषधे भरवण्यात काढलेले असते. आमच्या मते अशा वेळी आईचे ऐकावे. डोळ्यातील प्रकाशाचा ठिपका हा सर्वांत लहान आणि सर्वांत निर्णायक फटकारा; तो कोठे पडतो यावर कुत्रा आपल्याकडे पाहतो आहे की दुकानातल्या खेळण्यासारखा नुसता चकाकतो आहे, हे ठरते.

या किनाऱ्याला अशा कसोशीचा वारसा आहे, हे आपण विसरून गेलो आहोत. जलरंगातील व्यक्तिचित्रणाचे मोठे नाव असलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले. त्यांनी १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि व्यक्तिचित्रांची कामे करत आयुष्य घालवले. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात असलेले त्यांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे, चित्र पाहण्यासाठी आजही लोक थांबतात. त्या चित्रासाठी त्यांची मुलगी गीता हातात दिवा घेऊन तासन् तास उभी राहिली होती. बोटांच्या फटींतून पाझरणारा तांबूस उजेड कल्पनेने काढता येत नाही. कोणीतरी समोर उभे राहावे लागते. जलरंगात चुकीला क्षमा नसते, आणि ऐन चाळिशीच्या दशकात, वयाची साठी उलटलेल्या हळदणकरांनी ते आव्हान स्वतःहून पत्करले होते. गेलेला कुत्रा समोर उभा राहू शकत नाही. जिवंत असतानाही तो तीन मिनिटे स्वस्थ बसत नाही, ही गोष्ट निराळी. त्यामुळे अशा चित्रात समोर बसणाऱ्याची जागा घरच्यांच्या साक्षीला घ्यावी लागते. साक्ष जितकी नेमकी, तितके चित्र खरे.

आता रायगडाकडे वळू. महाराजांच्या समाधीजवळ वाघ्याचे स्मारक १९३६ सालापासून आहे. महाराजांच्या चितेत या इमानी कुत्र्याने उडी घेतली, अशी आख्यायिका. राम गणेश गडकरी यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचा या संदर्भात वारंवार उल्लेख होतो. स्मारकासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी देणगी दिली, असे सांगितले जाते. समकालीन साधनांत या कुत्र्याचा उल्लेख नाही, असा आक्षेप घेणाऱ्यांचा दावा आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी हा पुतळा उखडला आणि काही दिवसांतच तो पुन्हा बसवण्यात आला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपती यांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना पत्र लिहून ३१ मेपूर्वी स्मारक हटवण्याची मागणी केली. होळकरांचे नाव निगडित असल्याने धनगर समाजातील नेत्यांनी तिला विरोध केला. ती मुदत उलटून गेली, वाद उरला.

या वादात कोण बरोबर, हे ठरवण्याचा येथे हेतू नाही. मात्र व्यक्तिचित्राच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी झाले आणि पुतळा बसला तो अडीचशेहून अधिक वर्षांनी. वाघ्या होता असे मानले, तरी तो दिसायचा कसा हे सांगणारा कोणीही त्या वेळी नव्हता. ‘होय, हाच तो’ असा निर्वाळा देणारे घरच नव्हते. त्यामुळे त्या पुतळ्यात कुत्रा कमी आणि निष्ठा अधिक आहे; आणि निष्ठा कोणाची, कोणाप्रती, तिच्यावर मालकी कोणाची, हे प्रश्न आले की भांडण आलेच. गेल्या चौदा-पंधरा वर्षांत त्या पुतळ्याविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. त्यात कुत्र्याविषयीचे वाक्य शोधावे लागते.

हा दोष एकट्या रायगडाचा नाही. पाश्चात्त्य चित्रकलेत कुत्र्याची जी चित्रे लोकांच्या मनात घर करून राहिली, त्यांत बहुधा कुत्रा माणसासाठी शोक करतो. एडविन लँडसियरच्या १८३७ सालच्या प्रसिद्ध चित्रात धनगराच्या शवपेटीवर हनुवटी टेकलेला कुत्रा आहे. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड १९१० साली वारला तेव्हा त्याचा सीझर नावाचा कुत्रा अंत्ययात्रेत शवपेटीमागून चालला, आणि मॉड अर्ल या चित्रकर्तीने राजाच्या रिकाम्या खुर्चीशी विसावलेला सीझर रंगवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा यांच्या अंत्यदर्शनाला त्यांचा ‘गोवा’ हा कुत्रा आणला गेला, तेव्हा ती दृश्ये देशभर पाहिली गेली ती याच कारणाने. कुत्र्याच्या दुःखात माणसाचा मोठेपणा दिसतो आणि तो आपल्याला आवडतो. माणसाने कुत्र्यासाठी केलेला शोक दाखवायचा म्हटले, की आपण अवघडतो.

पूर्वी हा संकोच नव्हता, याचा एक पुरावा आपल्या शेजारच्या राज्यात आहे. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे सापडलेली, इ. स. ९४९-५० ची शिळा बंगळुरूच्या शासकीय संग्रहालयात आहे. महाराष्ट्रावरही ज्यांचे राज्य होते त्या राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या कृष्णाचा हा काळ. चोळांविरुद्ध तक्कोलमच्या लढाईत पराक्रम गाजवणाऱ्या मणलेर नावाच्या योद्ध्याला गंग राजा बुतुग याने हवे ते माग म्हटले; त्याने ‘काली’ नावाचा राजाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे एका रानडुकराशी झुंजताना काली आणि ते डुक्कर दोन्ही मेले. मणलेराने देवळासमोर शिळा उभी केली, तिच्यासाठी जमीन लावून दिली आणि तिची पूजा केल्याखेरीज पुजाऱ्याने जेवू नये, अशी तजवीज केली. शिळेवर कुत्रा आणि डुक्कर झुंजताना कोरलेले आहेत. कोकणात आणि देशावर गावोगाव दिसणाऱ्या वीरगळांचीच ही जातकुळी. फरक इतकाच, की येथील वीर चार पायांचा आहे. काली कोणाच्या चितेत उडी घेत नाही. त्याचे नाव आहे, त्याने केलेली गोष्ट आहे, तो कोठे मेला हे लिहिलेले आहे, आणि ज्याने शिळा घडवून घेतली त्याने त्याला डोळ्यांनी पाहिले होते.

जपानमधील हाचिकोचे उदाहरण तर वाघ्याच्याच काळातले. मालकाच्या मृत्यूनंतर वर्षानुवर्षे शिबुया स्थानकावर त्याची वाट पाहणाऱ्या या कुत्र्याचा पुतळा तेरू आंदो या शिल्पकाराने घडवला आणि एप्रिल १९३४ मध्ये त्याचे अनावरण झाले तेव्हा हाचिको स्वतः हजर होता. तो वारला मार्च १९३५ मध्ये. युद्धकाळात धातूच्या टंचाईपायी पुतळा वितळवला गेला. १९४८ साली शिल्पकाराच्या मुलाने तो पुन्हा घडवला. हाचिकोचाही निष्ठेचे प्रतीक म्हणून उपयोग झालाच, पण त्या प्रतीकाच्या तळाशी एक खराखुरा कुत्रा होता, हे पाहणाऱ्यांपैकी कोणी नाकारू शकत नव्हते.

स्मारक घडवून घेण्यातील घाईचा धडा खुद्द मालवणने अलीकडेच घेतला आहे. राजकोट किल्ल्यावरील शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. मे २०२५ मध्ये राम सुतार यांच्या शिल्पशाळेतून आलेला नवा पुतळा तेथे उभा राहिला. समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात मात्र राजाराम महाराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर तीन शतके नांदते आहे. तेथील मूर्तीला दाढी नाही. आपल्या मनातील महाराजांशी ती जुळत नाही, मुखवटा चढवला की हा प्रश्नही मिटतो. पण ती मुलाने वडिलांसाठी घडवून घेतली होती. घरच्या माणसाने केलेल्या स्मरणात रूपाचे जुळणे पुढच्या पिढ्यांनी फारसे ताणले नाही.

घरगुती चित्राच्या बाबतीत ही घाई वेगळ्या रूपाने येते. छायाचित्र पाठवा, पाच मिनिटांत ‘तैलचित्र’ मिळवा, अशी सोय आता संगणकाने करून दिली आहे. कॅनव्हासवर छापून, वर ब्रशचे खोटे फटकारे उठवून ते घरपोच येते आणि चित्रकाराच्या मोबदल्यापुढे त्याची किंमत किरकोळ असते. ज्याला तेवढ्याने समाधान मिळते त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु यंत्र त्या जातीच्या हजारो कुत्र्यांची सरासरी काढून चेहरा गुळगुळीत करते. फाटका कान शिवते, भांडणात गेलेला दात परत आणते, उलट्या फिरलेल्या केसांचा भोवरा सरळ करते. गावठी कुत्र्याच्या बाबतीत तर ते हमखास त्याला कोणत्या तरी परदेशी जातीकडे झुकवते. म्हणजे गेलेल्या कुत्र्याची ओळख पटण्याच्या ज्या खुणा, त्याच पुसल्या जातात. चित्रकाराकडून काम करून घेणाऱ्याने म्हणूनच वेळ द्यावा, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, आणि रंग चढण्याआधी नुसते रेखाटन पाहून काय बिघडले ते सांगावे. चित्र पुरे झाल्यावर ‘जरा हसरा करा’ असे म्हणणे हा चित्रकारावर अन्याय आहे. कुत्र्यावरही.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते, ती हवेची. जून ते सप्टेंबर या काळात तैलरंग लवकर वाळत नाहीत, कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते आणि कागदावरच्या जलरंगावर तांबूस ठिपके उठतात. आगोटीच्या आत काम हवे म्हणून घाईने वार्निश चढवले, की आतला रंग ओलाच राहतो व पुढे भेगा पडतात. जाड थराच्या तैलचित्राला वार्निशपूर्वी सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते. पावसाचा मारा घेणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर ते टांगू नये, आणि टांगलेच तर मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. जलरंगाच्या चित्रासमोर काच हवी, पण काच कागदाला चिकटता कामा नये.

हे सारे लिहीत असताना एक टोचणी राहतेच. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटके कुत्रे पकडून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो सौम्य करून निर्बीजीकरण व लसीकरणानंतर, पिसाळलेले व आक्रमक कुत्रे वगळता, इतरांना मूळ जागी सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारांतून कुत्रे हटवण्याचे निर्देश आले. रेबीजने दगावणारी मुले बहुधा गरिबांची असतात, हे विसरून या प्रश्नावर भावुक होता येत नाही. एकाच घराच्या भिंतीवर कुत्र्याचे तैलचित्र आणि त्याच घराच्या फाटकाबाहेर खरूज झालेला, कोणीही लस न टोचलेला कुत्रा, हे दृश्य आपल्या शहरांत आणि आता गावांतही आहे. चित्र करून घेणाऱ्याने त्याबद्दल अपराधी वाटून घ्यावे असे नाही. फाटकाबाहेरच्याला रेबीजची लस टोचून घेण्याचा खर्च तसबिरीच्या चौकटीपेक्षा नक्कीच कमी पडतो, इतके मात्र त्याने हिशेबात धरायला हरकत नाही.

राहता राहिला चित्राच्या मागच्या बाजूचा मुद्दा, ज्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आजोबांच्या तसबिरीमागे नाव नसल्याने ‘हे नेमके कोणते आजोबा’ असा घोळ कोकणातील अनेक घरांत आज चालू आहे. कुत्र्याच्या बाबतीत तो घोळ एका पिढीतच होईल. कॅनव्हासच्या मागे पेन्सिलने कुत्र्याचे नाव, चित्रकाराचे नाव आणि साल लिहून ठेवावे. गावठी कुत्र्याची जन्मतारीख कोणाला ठाऊक नसते. तेथे तो कोणत्या पावसात, कोणाच्या मागे लागून घरी आला, एवढे लिहिले तरी पुरे.